वाघाचे नाव जय, बाईचे नाव श्रम

1839 सालच्या 19 ऑगस्टला फ्रेंच सरकारने दाग्येरची छायाचित्रणाची प्रक्रिया जगासाठी खुली केली. ती तारीख आता जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळली जाते आणि तिच्या आगेमागे गावोगावी छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. अशा संध्याकाळी आम्ही गेली काही वर्षे आवर्जून जातो. त्यांचा साचा आता आम्हांला पाठ झाला आहे. दर्शनी भिंतीवर प्रथितयशांची मोठी चित्रे, व्हरांड्यात नवोदितांची लहान. दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ होते, आणि मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाचे भाषण होते, ज्यात छायाचित्राला हमखास 'मूक कविता' म्हटले जाते. मग माणसे चित्रांसमोरून सरकू लागतात, 'वा' म्हणतात, मोबाइलवर चित्राचे चित्र काढतात आणि चहाकडे वळतात.

या संध्याकाळींविषयी आम्हांला आकस नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात चित्र पाहण्यासाठी चार माणसे एकत्र येतात, हेच मुळात थोडे नाही. चित्रेही पुष्कळदा चांगली असतात. आमचे भांडण आहे ते चित्राखाली चिकटवलेल्या दोन बोटे रुंदीच्या कार्डाशी.

त्या कार्डावर काय असते ते पाहावे. छायाचित्रकाराचे संपूर्ण नाव असते. कॅमेऱ्याचे मॉडेल, लेन्सची लांबी, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर आणि आयएसओचा आकडा असतो. चित्र पक्ष्याचे असेल तर त्याचे शास्त्रीय नाव असते. सारसाखाली 'अँटिगोनी अँटिगोनी' असे दोनदा लिहिलेले आम्ही वाचले आहे. चित्र वाघाचे असेल तर त्याचे घरगुती नावही असते. आणि चित्र माणसाचे असेल तर? तर तिथे एक भाववाचक नाम असते. डोक्यावर तेंदूपत्त्याचे ओझे घेतलेल्या बाईखाली 'श्रम'. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या रांगेखाली 'लय'. सुरकुतलेल्या म्हाताऱ्याखाली 'अनुभव'. नाक वाहणाऱ्या उघड्या पोराखाली 'निरागसता'. कचारगडच्या यात्रेत देवाच्या दिशेने हात जोडलेल्या माणसाखाली 'श्रद्धा'.

म्हणजे यंत्राची नोंद आहे, पाखराची आहे, जनावराची आहे. माणसाची तेवढी नाही. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल: ज्या चित्रातल्या माणसाला विचारता येणे शक्य होते, त्याचे नाव न विचारता ते चित्र भिंतीवर लावणे ही कलेतली उणीव आहे, केवळ शिष्टाचारातली नव्हे. आणि ती उणीव दाखवून देणे हे साहित्य शिकवणाऱ्यांचे काम आहे.

०

जय नावाच्या वाघाची गोष्ट आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तो नागझिऱ्यात जन्मला. 'शोले'तल्या नायकाचे नाव त्याला मिळाले. 2013 मध्ये तो उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात दिसू लागला, 2016 मध्ये दिसेनासा झाला, आणि त्याच्या शोधासाठी वनखात्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत सारे कामाला लागले. हे योग्यच झाले. नाव होते म्हणून त्याचे नसणे जाणवले. ज्याला नाव नसते त्याचे नाहीसे होणे कुणाच्या लक्षात येत नाही. नावाचा उपयोग मुळात हाच असतो.

आता त्याच जंगलाच्या कडेला मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाईचे चित्र घ्या. 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प झाला, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिच्या घरातल्या बाया या झाडांखाली वाकत आल्या आहेत. कोणते झाड कुणाच्या घरचे, हे गावात ठरलेले असते. तिच्याजवळ त्या झाडाचा इतिहास आहे. छायाचित्रकाराने तिच्याजवळून प्रकाश घेतला, टोपलीचा पिवळा रंग घेतला, पाठीचा बाक घेतला आणि तो निघून आला. पुढच्या वर्षी ती बाई त्या झाडाखाली दिसली नाही, तर तिचा शोध घेण्याचे कारण या चित्राजवळ नाही. 'श्रम' तर तिथे असेलच. कुणीतरी दुसरी वाकलेली असेल.

तीच गत निसर्गचित्रांची. नवेगावबांधच्या तलावावरील सूर्योदयाखाली 'निसर्गाचा चमत्कार' असे लिहिलेले असते. तो तलाव निसर्गाने केलेला नाही. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधवला असे या भागातली परंपरा सांगते. तलाव बांधणे ही कोहळी समाजाची पिढीजात विद्या होती आणि भंडारा-गोंदियाची भातशेती तिच्यावर उभी राहिली. ज्याला आपण निसर्ग म्हणून दाद देतो ते पाळीवर टाकलेल्या मातीच्या पाट्यांचे, म्हणजे माणसांच्या हातांचे काम आहे. शीर्षकाने ते हात पुसले. सारसाचेही असेच. हा पक्षी आमच्याकडे धानाच्या बांधीत घरटे करतो. बांधीला मालक असतो. घरट्याभोवतीचे धान राखायचे की कापायचे, हे तो ठरवतो. सारसाची जोडी चौकटीत येते, बांधीचा धनी चौकटीबाहेर राहतो आणि कार्डावर लॅटिन येते.

०

हे शीर्षकाचे वळण कुठून आले, याचा विचार साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. ते नवे नाही. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे पुस्तक काढले. 1857 नंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून घ्यायची होती. त्यांनी ती जातीजमातींच्या नमुन्यांच्या रूपाने ओळखली. चित्रात एक माणूस, खाली बहुधा जमातीचे नाव. 1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंड प्रसिद्ध झाले. आमचा प्रदेश त्या मध्य प्रांतातला. त्या खंडांत पायांच्या मागच्या बाजूचे गोंदण दाखवणाऱ्या गोंड स्त्रियांचे चित्र आहे. गोंदणाची नोंद झाली, स्त्रियांची झाली नाही.

आजच्या प्रदर्शनात 'आदिवासी सौंदर्य' या शीर्षकाखाली जे टांगलेले असते, त्यात आणि या चित्रात तत्त्वतः काय फरक आहे? रसेलसाहेबांना निदान एक शास्त्र रचायचे होते, चुकीचे का होईना. आपल्याला तेही करायचे नाही. त्यांनी माणसाला जातीचा नमुना केले; आपण त्याला भावनेचा नमुना करतो. कॅमेरा बदलला, राज्य बदलले, कार्ड बदलले नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की कला विशिष्टाकडून सार्वत्रिकाकडे जाते. नाव घातले की चित्र एका बाईपुरते उरते, 'श्रम' म्हटले की ते सर्वांचे होते. हे उत्तर छायाचित्रकारांनी द्यावे याचे आम्हांला नवल वाटत नाही. मराठीच्या प्राध्यापकांनी व्यासपीठावरून ते द्यावे याचे वाटते. कारण आपण वर्गात नेमके उलटे शिकवतो. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' 1949 साली आले. त्यातल्या लेखांची शीर्षके आठवावीत: 'धर्मा रामोशी', 'झेल्या', 'रामा मैलकुली'. माडगूळकरांनी धर्माच्या लेखाला 'दारिद्र्य' असे नाव दिले असते, तर तो अधिक सार्वत्रिक झाला असता काय? तो विसरला गेला असता. धर्मा रामोशी हा धर्मा रामोशी राहिला म्हणूनच माणदेश न पाहिलेल्या आमच्या झाडीपट्टीतल्या मुलांना तो कळतो. आधीच्या ग्रामीण कथेतला खेडूत शहरी वाचकाच्या करमणुकीसाठी रंगवला गेला, अशी टीका आपण शिकवतो. 1978 चे 'बलुतं', 1980 चे 'उपरा', 1987 चे 'उचल्या' ही आत्मकथने शिकवताना, ज्याच्याविषयी इतर बोलत होते तो स्वतः, स्वतःच्या नावाने बोलू लागला, हेच त्यांचे मोठेपण म्हणून सांगतो. परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो. मग संध्याकाळी सहा वाजता दालनात शिरताना हे सारे चपलांबरोबर बाहेर का ठेवायचे?

वॉल्टर बेंजामिनने 1931 साली छायाचित्रणाच्या इतिहासावर एक छोटा निबंध लिहिला. एडिंबरोजवळच्या न्यूहेवन गावातली एक कोळीण 1840 च्या दशकात डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल याच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. तिच्या चित्राविषयी तो म्हणतो, त्याचा आशय असा, की त्यात छायाचित्रकाराच्या कलेत न मावणारे काहीतरी उरते आणि ते त्या जगलेल्या बाईचे नाव मागत राहते. पेंटिंगमध्ये दोन पिढ्यांनंतर चितारलेला माणूस कोण होता याची चौकशी थांबते. छायाचित्रात ती थांबत नाही. त्या निबंधाच्या शेवटी बेंजामिन चित्राखालच्या मजकुरावर येतो आणि तो मजकूरच पुढे छायाचित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरेल काय, असे विचारतो. न्यूहेवनच्या त्या कोळणीचे नाव आज संग्रहांत एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल असे नोंदलेले आहे. आमच्या तलावांवर जाळी टाकणाऱ्या ढिवरांच्या बाया आठवडी बाजारात मासळी विकतात. त्यांची चित्रे प्रदर्शनांत आम्ही पाहिली आहेत, नावे पाहिली नाहीत. मध्ये पावणेदोनशे वर्षे गेली आहेत.

०

नाव न विचारण्याची किंमत कोण मोजतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. 1936 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँगने एका आईचे छायाचित्र काढले. ते 'मायग्रंट मदर' म्हणून जगभर गेले, पाठ्यपुस्तकांत आणि टपाल तिकिटावर आले. लँगने तिचे वय टिपले, बत्तीस. नाव विचारले नाही, हे तिने स्वतःच पुढे सांगितले आहे. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होती, हे जगाला 1978 मध्ये कळले. ती चेरोकी वंशाची होती, आणि चाळीस वर्षे तिचा चेहरा दरिद्री गोऱ्या शेतकऱ्याचे प्रतीक म्हणून मिरवला गेला. त्या चित्राचा तिला मोबदला मिळाला नाही आणि त्याविषयीची कडवट भावना तिने बोलून दाखवली. लँग ही थोर छायाचित्रकार होती, तिच्या हेतूंविषयी शंका नाही, आणि त्या चित्राने भुकेल्या मजुरांपर्यंत अन्न पोहोचले हेही खरे. एवढे सगळे असूनही जे घडले ते असे. मग आमच्याकडच्या 'श्रम' नावाच्या चित्राचे काय, जे पाहून कुणापर्यंत काहीच पोहोचत नाही?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. नाव उघड करणे कधी कधी धोक्याचे असते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाने पोलीस आणि नक्षलवादी या दोघांच्या नजरा कित्येक वर्षे सोसल्या आहेत. तिथे एखाद्याचे नाव-गाव भिंतीवर लावणे हा उपद्व्याप ठरू शकतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ओळख उघड करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे. आणखी एखादी बाई सरळ म्हणेल की माझे नाव नको. हे सारे मान्य. पण या प्रत्येक प्रसंगी छायाचित्रकाराने आधी विचारलेले असते. 'नाव त्यांच्या इच्छेवरून दिलेले नाही' अशी एक ओळ कार्डावर आली, तरी त्या माणसाची इच्छा चित्रात आली. आम्ही जिच्याविरुद्ध बोलतो आहोत ती गोष्ट वेगळी आहे. तिथे नाव राखून ठेवलेले नसते, ते कधी विचारलेलेच नसते.

आणि अनामता हीच जिथे सत्य असते, तिथे ती तशीच लिहावी. भोपाळमध्ये 1984 च्या डिसेंबरात वायूने मेलेल्या एका लहान मुलाच्या दफनाची छायाचित्रे रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी काढली. ते मूल कुणाचे, हे कळले नाही. तिथे नावाचा अभाव हा गुन्ह्याचा पुरावा आहे. पण त्या मुलाच्या चित्राला कुणी 'निरागसता' म्हटले असते तर? त्या कल्पनेने ज्याला शहारे येतात, त्याने आमच्या दालनातली शीर्षके पुन्हा वाचावीत.

'इतका वेळ कुठे असतो?' हा आक्षेप आम्ही विचारात घेत नाही. सारसाने मान वर करावी म्हणून तीन तास दबून बसणाऱ्याला 'बाई, तुमचं नाव काय?' एवढे विचारायला वेळ नसतो, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

०

दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नाही, असे म्हणण्याची सोय महाराष्ट्रात नाही. सुधारक ओलवे हे आपल्या विदर्भातले, अकोल्याकडचे. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांनी दीर्घकाळ छायाचित्रण केले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक चित्र घेऊन निघून जाण्याऐवजी त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणे ही त्यांची पद्धत. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांवर काम केले आणि त्यातून 'तमाशा: एक रांगडी गंमत' हे पुस्तक आले, ज्यात चित्राइतकेच शब्दांनाही स्थान आहे. पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत काढलेल्या छायाचित्रांमधून ग्रामीण स्त्रियांच्या कामावरचे प्रदर्शन उभे राहिले. ते कलादालनांपुरते न राहता बसस्थानके, कारखान्यांची दारे आणि आठवडी बाजार अशा ठिकाणी मांडले गेले. ज्यांची चित्रे, त्यांच्यासारख्यांनीच ती पाहिली. ज्या बाईच्या शेजारणी चित्रासमोर उभ्या राहणार आहेत, तिच्या चित्राखाली 'श्रम' लिहिण्याचे धैर्य कुणाला होईल? शेजारणी हसतील. ते हसू ही आमच्या मते कलासमीक्षेची उत्तम कसोटी आहे.

खुद्द आमच्या प्रदेशाची रीत काय आहे? दिवाळीनंतर मंडया सुरू होतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र रंगतात. त्या नाटकांच्या पोस्टरवर नटनट्यांची नावे ठळक असतात. नाव वाचूनच प्रेक्षक ठरवतो की कुठल्या गावाला जायचे. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले असेल, झाडीपट्टीने ते कधीच तोंडपाठ केले होते. त्याच रंगभूमीचे छायाचित्र प्रदर्शनात येते तेव्हा त्याचे शीर्षक 'रंग' होते आणि नटाचे नाव गळून पडते. आमगाव, तिरोडा, गोरेगावच्या बाजारपेठांतले स्टुडिओवालेही हेच सांगतील. पासपोर्टचा फोटो असो, लग्नाचा अल्बम असो की हार घालून भिंतीवर लावायचा मोठा फोटो, पाकिटावर नाव लिहिल्याशिवाय त्यांचे काम होत नाही. हे स्टुडिओवाले त्या संध्याकाळी मागच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. त्यांना कलावंत कुणी म्हणत नाही. या जिल्ह्याच्या चेहऱ्यांची नावानिशी नोंद मात्र कुठे झाली असेल तर ती त्यांच्या निगेटिव्हच्या डब्यांत आहे. ते डबे भंगारात जाण्यापूर्वी कुणी पाहील काय? नेपाळमध्ये 2011 पासून घराघरांतले जुने फोटो गोळा करून त्यांचा संग्रह उभा केला जात आहे. आपल्याकडे असा विचार करायला एखादे महाविद्यालय पुरे आहे.

०

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आयोजकांनी प्रवेशिकेच्या अर्जात कॅमेऱ्याच्या रकान्याच्या वर आणखी एक रकाना ठेवावा: चित्रातील व्यक्तीचे नाव, गाव, तारीख, आणि चित्र लावण्यास तिची संमती आहे काय. तो रिकामा असेल तर कारण लिहावे. ज्या व्यक्तीचे चित्र लागले तिला त्याची एक प्रत पोहोचती करावी आणि उद्घाटनाचे निमंत्रण द्यावे. खुर्ची पहिल्या रांगेत असावी. नवोदितांना पारितोषिके देताना परीक्षकांनी हा रकाना वाचावा. नवोदित हे प्रथितयशांकडे बघून शिकतात, म्हणून प्रथितयशांनी सुरुवात करावी. आणि प्रदर्शन एका संध्याकाळीनंतर गुंडाळून न ठेवता ते एखाद्या मंडईत, एखाद्या आठवडी बाजारात न्यावे.

मराठी विभागांकडे आमची मागणी अधिक आहे. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आले आहेत आणि विद्यार्थ्यांना काय काम द्यावे, या विवंचनेत आपण सगळे आहोत. हे काम द्यावे. चार विद्यार्थी एका छायाचित्रकाराबरोबर पाठवावेत. त्याने चित्र काढावे, यांनी बोलणे टिपून घ्यावे: झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत, जी भाषा ती बाई बोलते त्या भाषेत. तेंदूपत्त्याच्या शेकडा पुड्यांना यंदा काय भाव मिळाला, ते तिने सांगावे आणि ते कार्डावर यावे. चार ओळींत एक माणूस उभा करणे हे निबंधलेखनाहून अवघड आहे. व्यक्तिचित्र हा वाङ्मयप्रकार शिकवण्याची याहून चांगली रीत आम्हांला माहीत नाही.

आणि व्यासपीठावर बोलावले गेलेल्या प्राध्यापकांनी 'मूक कविता' हा शब्दप्रयोग आता निवृत्त करावा. चित्रातली बाई मुकी नाही. तिला बोलता येते, नाव सांगता येते, भाव सांगता येतो, ठेकेदाराला चार शब्द सुनावताही येतात. एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचे असते असे म्हणतात. असेलही. त्या हजार शब्दांत तिच्या नावाचा एक शब्द नसेल, तर उरलेले नऊशे नव्याण्णव छायाचित्रकाराने स्वतःविषयीच बोललेले असतात.